टाईप-सी पोर्ट उडालंय म्हणून ९,३०० घेतले, पोर्टला काही झालंच नव्हतं

सोलापूरकरांनो, मिनी पीसीला दुसरा मॉनिटर जोडायचा म्हणून कुणी दुकानात निघाला असाल तर आधी हे वाचा. डोकं अजून तापलेलंच आहे, लिहिताना मागंपुढं होईल.

माझं काम टॉवेल-चादरीच्या जकार्ड डिझाईनचं. एका स्क्रीनवर ग्राफ (चौकटींवर काढलेली विणकामाची नक्षी) आणि दुसऱ्यावर पार्टीचं सॅम्पल लागतं. पीसीच्या एचडीएमआयला एक मॉनिटर होताच, दुसरा घेतला, टाईप-सीला ॲडॅप्टर लावून जोडला तर 'नो सिग्नल'. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या पार्टीचं डिझाईन अर्जंट होतं, म्हणून पीसी, मॉनिटर सगळं रिक्षात घालून गावातल्या एका दुकानात नेलं.

तिथला पोरगा म्हणाला, "मालक, पोर्ट शॉर्ट होऊन उडालंय, बोर्डावर काम करावं लागतंय." चेकिंगचे ३००, पोर्ट बदलायचे ५,८००, वर "परत उडू नये म्हणून" एक डॉक (पीसीला बाहेरून लावायचा जोड-डबा) ३,२०० चा. झाले ९,३००. शॉपचा क्यूआर बंद आहे म्हणून पैसे त्याच्या स्वतःच्या नंबरवर टाकायला लावले, आणि बिल मागितलं तर चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून दिला. पैसे दुकानाच्या खात्यावर जात नसतील तर तिथूनच परत फिरा.

संध्याकाळी घ्यायला गेलो तर पीसी काउंटरवर उलटा ठेवलेला. खालच्या स्क्रूवरचा वॉरंटीचा स्टिकर जसाच्या तसा, कोपरासुद्धा उचकटलेला नाही. तो स्टिकर फाटल्याशिवाय माझा पीसी उघडतच नाही, मग यानं बोर्डावर सोल्डरिंग कुठून केलं? मी त्या स्टिकरवर बोट फिरवलं होतं हो, हे आठवलं की रात्री झोप लागत नाही, तेवढ्यात त्यानं दोन्ही मॉनिटर चालू करून दाखवले आणि दोन्हीवर चित्र आल्यावर माणूस स्टिकर बघत बसेल का? डॉक्टरनं फ्रॅक्चर म्हटल्यावर आपण प्लास्टर घालूनच घेतो, इथंही तसंच झालं, माझा धंदा डिझाईनचा आहे, बोर्डाचा नाही.

घरी ग्राफ झूम केला की दुसऱ्या स्क्रीनवर चित्र मागून यायचं, माऊस अडकायचा. पुण्याच्या भाच्याला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. तो मॉडेलचं मॅन्युअल काढून म्हणाला, "मामा, या टाईप-सीला डिस्प्ले नाहीच, फक्त डेटा आहे. उडणार काय त्यात?" आणि तो डॉक म्हणजे ड्रायव्हर टाकून साध्या यूएसबीवरून चित्र पाठवणारा ॲडॅप्टर, म्हणून अडकत होता. वर मागच्या बाजूला काळं रबरी बूच बसवलेलं, ते काढलं तर आत डिस्प्लेपोर्ट (डीपी), म्हणजे मॉनिटर जोडायचंच पोर्ट! डीपी ते एचडीएमआय केबल आणली ४५० ची, दोन्ही मॉनिटर एकदम स्मूथ. केबल घेताना नीट सांगा, पीसीकडं डीपी आणि मॉनिटरकडं एचडीएमआय, ती साधी केबल उलटी लावली तर चालत नाही. आणि टाईप-सी दिसलं म्हणजे मॉनिटर चालेल असं धरू नका, मॅन्युअलमध्ये त्या पोर्टपुढं 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' किंवा थंडरबोल्ट, म्हणजे टाईप-सीतून चित्र पाठवायची सोय, लिहिलंय का ते बघा.

दुकानात परत गेलो तर "मालक, रिपेअर केलंय, चालत होतं ना नेताना?" चौकीत गेलो तर साहेब म्हणे हा दिवाणी मामला आहे, बँकेत म्हणे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, त्याला फ्रॉड कसं म्हणायचं, ग्राहक तक्रारीचं विचारायला गेलो तिथं पहिला प्रश्न बिल कुठाय. अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा म्हटलीय, मी ते पान मोबाईलवर काढून समोर धरलं, तर त्या बाईंनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही, "पुढच्या आठवड्यात या" म्हणाल्या. टॅक्स भरायचा आम्ही, काम सोडून खेटे पण आम्हीच घालायचे, आणि तो पोरगा आज पण त्याच काउंटरवर दुसऱ्या कुणाचं तरी पोर्ट उडवत असणार.

दुकानात पीसी देताना स्टिकरचा आणि मागच्या सगळ्या पोर्टचा फोटो काढून ठेवा. जुना पार्ट परत मागा, बदललाय तर द्यायला काय जातंय? १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, त्यामुळे वकिलाच्या खर्चाला घाबरून गप्प बसू नका, स्वतः अर्ज करता येतो.

माझा अर्ज तयार आहे, चिठ्ठी, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि न फाटलेल्या स्टिकरचा फोटो जोडलाय. सोलापुरात आणखी कुणाकडून 'पोर्ट उडालं' म्हणून पैसे घेतले असतील तर आकडा आणि तारखेसह मला मेसेज करा.