सिंकथिंग + कीपासएक्ससी: क्लाउड सोडून बरेच महिने झाले, आता खरं काय ते

क्लाउडचे पैसे परत वाढवल्याचा मेल आला आणि डोकंच फिरलं. फाइली माझ्या, दोन्ही मशीन माझी, आणि दर महिन्याला पैसे कशाचे तर इकडची फाइल तिकडे नेण्याचे. म्हणून फाइली एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर थेट नेऊन सारख्या ठेवणारं सिंकथिंग, सगळे पासवर्ड एकाच कुलूपबंद फाइलीत (डेटाबेसमध्ये) ठेवायला लॅपटॉपवर कीपासएक्ससी, आणि तीच फाइल फोनवर उघडायला कीपासडीएक्स.

सेटअप सगळेच सांगतात. 56 अक्षरांचा डिव्हाइस आयडी, क्यूआर कोड स्कॅन, झालं. पण मधे साठवणारा सर्व्हर नाही म्हणजे दोन्ही मशीन एकाच वेळी चालू पाहिजेत, हे कोणी नीट ठासून सांगतच नाही! दोन मशीन थेट जोडली जात नसतील तेव्हा मधे येणारे रिले सर्व्हर आहेत, पण ते एनक्रिप्टेड डेटा फक्त पुढे ढकलतात, ठेवून घेत नाहीत. लॅपटॉप बंद असताना फोनवर पासवर्ड बदलला तर तो बदल फोनमध्येच पडून राहतो. आणि फोन तरी कुठे चालू राहू देतो, बॅटरी वाचवायच्या नावाखाली बॅकग्राउंडची ॲप मारतो, बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळलं तरी माझा ऐकेना, ऑटोस्टार्टची परवानगी आणखी कुठेतरी तिसऱ्याच मेनूत सापडली.

मग संध्याकाळी लॅपटॉप उघडायचा, तिथेही दुसरंच काहीतरी बदललेलं असायचं, आणि फोल्डरमध्ये नावात सिंक-कॉन्फ्लिक्ट, तारीख, वेळ असलेली जोडफाइल हजर. ज्या प्रतीतला बदल आधीचा, तिला हे नाव मिळतं. पासवर्डच्या फाइलीचं असं झालं की पोटात गोळा येतो, कारण निम्मं इकडे, निम्मं तिकडे. सुरुवातीचे काही आठवडे मी हा रिव्ह्यू शिव्या घालायला लिहिणार होतो.

ते मत आता बदललंय. कीपासएक्ससीच्या डेटाबेस मेनूतच दुसऱ्या डेटाबेसमधून मर्ज करायची सोय आहे. कॉन्फ्लिक्टवाली फाइल दाखवायची, दोन्हीकडच्या नोंदी एकत्र होतात, मग ती जोडफाइल उडवायची. आणि विचार केला तर सिंकथिंगने एकावर दुसरी फाइल गुपचूप चढवली नाही हेच बरं, नाहीतर एक पासवर्ड कुठे गेला ते कळलंही नसतं.

सिंकथिंगच्या व्हर्जनिंगवर, म्हणजे फाइलीच्या जुन्या प्रती ठेवण्याच्या सोयीवर, मात्र माझा राग कायम आहे. एकतर ते मुळात बंद असतं, आपण चालू करायचं. आणि चालू केलं तरी जुन्या प्रती ठेवल्या जातात त्या फक्त दुसऱ्या मशीनवरून आलेल्या बदलांच्या. म्हणजे लॅपटॉपवर तुम्ही स्वतः फाइल उडवली तर लॅपटॉपवरचं व्हर्जनिंग ढिम्म, जुनी प्रत मिळाली तर फोनवर मिळणार आणि तीही फोनवर व्हर्जनिंग चालू असेल तरच. त्यामुळे प्रत्येक मशीनवर ते वेगळं चालू करा, आणि याला बॅकअप समजू नका, इथे डिलीट केलं की तिकडेही डिलीट. फोल्डर सेंड ओन्ली (इकडचे बदल फक्त पाठवायचे, तिकडचे घ्यायचे नाहीत) केला तरी हेच. फोटोंचा फोल्डर जोडून फोनमधली जागा मोकळी करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

सिंकथिंगचं अँड्रॉइडवरचं अधिकृत ॲप डिसेंबर 2024 मध्ये बंद झालं. प्ले स्टोअरवर ॲप टाकायची कटकट वाढलेली आणि सांभाळायला माणूस नाही, अशी कारणं दिली गेली. त्याचा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून दुसऱ्यांनी चालवलेली आवृत्ती आहे, मी तोच वापरतोय, फोल्डर होते तसेच राहिले कारण फाइली साध्या फाइलीच असतात, कुठल्या ॲपच्या पोटात अडकलेल्या नसतात. मोठ्या कंपनीने सेवा बंद केली की आधी एक्स्पोर्टची मुदत शोधत बसावं लागतं. आयफोनवाल्यांसाठी मात्र अधिकृत ॲप नाहीच.

एकाच वेळी चालू असण्याच्या भानगडीवर शेवटी एक जुना, बॅटरी मेलेला लॅपटॉप कामी आला. स्क्रीन मिटवून कोपऱ्यात कायम चालू, बाकी सगळी मशीन त्याच्याशी जोडलेली. कॉन्फ्लिक्ट आता क्वचित. थोडी वीज खातो हे खरं, आणि अधूनमधून अपडेट करायला त्याचं झाकण उघडावं लागतं, ते काम कधीच वेळेवर होत नाही.