एकखांबी, वाढवता येणारे डायनिंग टेबल: लकडगंजमधील सुतारकामाचा वर्षभराचा अनुभव

आमच्या जेवणघरात चार पायांचे मोठे टेबल ठेवले, तर फ्रिजचे दार अर्धेच उघडते. एरवी घरात चार माणसे असतात आणि सणावाराला आठ होतात, म्हणून मधल्या एकाच खांबावर उभे राहणारे, ४८ इंच व्यासाचे आणि मधोमध ओढून दोन अर्ध्यांच्या मध्ये १८ इंची जोडफळी घातली की ६६ इंच लांब होणारे गोल टेबल नागपूरच्या लकडगंज या लाकूडबाजारातील एका सुतार कारखान्यातून करून घेतले. साधारण पाच घनफूट सागवान, मजुरी आणि पॉलिश धरून ५२,००० रुपये लागले. अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीकडचे सागवान गेल्यापासून लकडगंजमध्ये दिसेल तो ओंडका गडचिरोलीतल्या, सागासाठी नावाजलेल्या आलापल्लीचाच असल्याचे सांगतात; त्या बोलण्याकडे लक्ष न देता फळ्यांना पांढरी कड, म्हणजे खोडाच्या बाहेरचे कच्चे लाकूड, किती आहे आणि त्या किती वाळल्या आहेत, एवढेच मी पाहिले.

या कामाची खरी पारख लाकडाच्या रेषांच्या दिशेत झाली. फळ्यांच्या रेषा टेबलाच्या लांबीला धरून याव्यात, असे मी सांगितले होते, कारण दिसायला ते बरे वाटते. मिस्त्रींनी मान हलवली आणि म्हणाले, "साहेब, टेबल इथं राहील, फळी आतल्या खोलीत राहील, दोघांचं जमलं पाहिजे ना." लाकूड रेषांच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते, नागपुरात मे महिन्याचे ४५ अंशांचे कोरडे ऊन आणि जुलैची दमट हवा यांच्या मध्ये दोन फूट रुंदीचा अर्धा पृष्ठभाग चार-पाच मिलिमीटर सहज हलतो. म्हणून त्यांनी रेषा टेबल ओढण्याच्या दिशेला काटकोनात, म्हणजे जोडफळीच्या लांबीला समांतर घेतल्या. त्यामुळे सांध्याची लांबी बाराही महिने तीच राहते आणि फळी कुठेही ठेवलेली असली तरी तिची टोके टेबलाच्या कडेशी जुळतात. पावसाळ्यात टेबल किंचित लांबट होते खरे, पण ते फूटपट्टी लावल्याशिवाय कळत नाही.

अर्थात, यामुळे टेबलाचे दोन अर्धे ज्यांवर सरकतात त्या खालच्या सरकपट्ट्या पृष्ठभागाच्या रेषांना आडव्या येतात, आणि तिथे स्क्रू घट्ट पिळले की फळी तडकते. मी टेबलाखाली आडवा होऊन पाहिले: सांध्याजवळचे स्क्रू साध्या गोल भोकात होते आणि बाहेरच्या बाजूचे सगळे लांबट भोकांत, म्हणजे हालचाल बाहेरच्या कडेकडे जावी आणि मधला सांधा जागच्या जागी राहावा. न सांगता केलेले हे काम पाहून मला समाधान वाटले. पट्ट्याही सागाच्याच, डोव्हटेल (आत रुंद, तोंडाशी अरुंद) खाचेत एकमेकींत सरकणाऱ्या आहेत. पावसाळ्यात त्या जड झाल्या, तेव्हा मेणबत्ती घासल्यावर पुन्हा नीट सरकू लागल्या.

खांबाच्या बाबतीत मात्र चूक झाली होती. तळाच्या चार पावलांचा पसारा टोकापासून टोकापर्यंत ३४ इंच आहे आणि बंद टेबलाला तो पुरतो. पण पावले ओढण्याच्या दिशेला तिरपी बसवली होती. टेबल पूर्ण उघडून मी एका टोकावर दोन्ही तळहात टेकून जोर दिला, तेव्हा पलीकडची पावले फरशीवरून उचलली गेली. जेवून उठताना वडील माणसे टेबलाचाच आधार घेतात. कारखान्याने बोल्टची नवी भोके पाडून खांब पंचेचाळीस अंशांत फिरवून दिला. आता दोन पावले थेट लांबीच्या दिशेला येतात आणि तेवढ्याच जोराने टेबल हलत नाही. काठावर कुणी बसू नये, हे पाहुण्यांना अजूनही सांगावे लागते.

दुसरा दोष अक्षय्य तृतीयेला उघड झाला. जोडफळीची वरची बाजू छान पॉलिश केलेली होती, खालची तशीच कोरी. एप्रिलपासून ती आतल्या खोलीत कूलरच्या झोतात उभी होती. कोऱ्या बाजूने ओल प्यायली, ती बाजू फुगली आणि दोन्ही लांब कडा वर उचलल्या गेल्या. आठ पाने वाढली आणि सांध्यावर ठेवलेली आमरसाची वाटी कलंडली. दोन मिलिमीटरचाच उंचवटा, पण बोट फिरवले की लागत होता. कारखान्याने फळी नेऊन काही दिवस सावलीत वाळवली, सरळ झाल्यावर दोन्ही बाजूंना आणि कडांनाही सारखे पॉलिश दिले व त्याचे पैसे घेतले नाहीत. हे पहिल्याच वेळी करायला हवे होते, आणि असे टेबल करून घेणाऱ्याने ते डिलिव्हरीपूर्वी फळी उलटी करून पाहून घ्यावे.

वेळेबाबत तक्रार आहेच. पंचवीस दिवस सांगून टेबल पंचेचाळिसाव्या दिवशी आले, तेही रोज फोन केल्यावर. आता खुर्च्याही तिथेच सांगितल्या आहेत. फक्त या वेळी तारीख पावतीवर लिहून घेतली आणि निम्मे पैसे हातात ठेवले आहेत.