काचेच्या टेबलावर माउस, आणि माझे तीन हजार रुपये

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी ऑनलाइन अर्ज भरायचं केंद्र चालवते. 2023 च्या खरिपात एक रुपयात पीकविमा सुरू झाला आणि सकाळी सातपासून दारात रांग लागायला लागली. त्याच महिन्यात मी नवं टेबल केलं होतं. वर काच, खाली दरपत्रक. लोकांना दर दिसावेत म्हणून.

टेबल आलं त्या दिवसापासून माउसचा बाण उड्या मारायला लागला. एका काकांच्या अर्जात 112 ऐवजी खालचा गट नंबर निवडला गेला, आणि तो चुकीचाच अर्ज गेला. शेतकऱ्याच्या वर्षाचा प्रश्न असतो तो. मला रात्री झोप आली नाही.

तालुक्याच्या दुकानात सीपीयू घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, बोर्डच गेला तुमचा. विंडोजबी नवीन टाकावं लागते." दोन दिवस ठेवून घेतला. सीपीयूतल्या मुख्य बोर्डाच्या दुरुस्तीचे 900, विंडोजचे 500. वर 1150 चा माउस दिला, "हा लेझर हाय, काचेवरबी चालते." दुकानात काउंटरवरच्या कापडी पॅडवर चालवून दाखवला, छान चालला. घरी पुन्हा तेच. परत गेले तर 450 चा चकचकीत पॅड गळ्यात मारला. त्यावरही बाण थरथरतच होता. एकूण 3000. विम्याच्या एका अर्जामागे केंद्राला 40 रुपये मिळतात, म्हणजे 75 अर्जांची कमाई.

उलगडा झाला तो एका आजोबांमुळे. त्यांनी सातबाऱ्याची झेरॉक्स टेबलावर ठेवली, माझा हात चुकून माउससकट तिच्यावर गेला आणि बाण सरळ चालायला लागला. मग 250 रुपयांचा जुना माउस काढला. तोही कागदावर नीट, काचेवर वेडावाकडा.

माउसच्या पोटात बारीक कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारावर फोटो काढतो आणि कण-रेषा किती सरकल्या ते ताडून बाण हलवतो. नितळ काचेत त्याला धरायला काही मिळतच नाही, चकचकीत पॅडवर प्रकाश परावर्तित होऊन गोंधळ उडतो. कागद, कापड, न चकाकणारं लाकूड, पुठ्ठा यावर तो बिनबोभाट चालतो.

मग मी 1150 चा माउस उलटा केला. लेझर माउसचा प्रकाश सहसा डोळ्यांना दिसत नाही. याच्या खाली जुन्यासारखाच लाल दिवा! काचेवर चालणारे माउस खरंच मिळतात. लॉजिटेकने 2009 मध्ये डार्कफील्ड तंत्राचे आणले, ते किमान 4 मिलिमीटर जाडीच्या काचेवर चालतात. पण ते महाग, आणि खोक्यावर नुसतं 'लेझर' लिहिल्याने साधा माउस तसा होत नाही.

सीपीयूचं झाकण उघडलं तेव्हा खरा संताप आला. आमच्या घरामागे जिनिंग आहे, रुईची पिंजण आत साचते. बोर्डावर ती जशीच्या तशी होती, कोणाचं बोटही लागलेलं नव्हतं. विंडोज 'नवीन' टाकूनही माझ्या जुन्या फाइली डेस्कटॉपवर होत्या त्याच जागी.

जाब विचारायला गेले तर पॅडचे 450 परत दिले, बाकीला नकार. माझ्याजवळ फक्त कोऱ्या कागदावरची चिठ्ठी होती, दुकानाचं नावसुद्धा नाही. म्हणून सांगते, दुरुस्तीला काही नेण्याआधी माउसखाली साधा कागद ठेवून पाहा. तरी बाण उडत असेल तर खालच्या भोकात केस-रुई अडकली आहे का ते बघा. नवा माउस घेताना विकणाऱ्याच्या पॅडवर नको, आपल्याकडे जसा पृष्ठभाग आहे तशावर चालवून घ्या. बिल दुकानाच्या नावाचं, तारखेचं, वस्तूच्या वर्णनासह घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, पण तिथेही बिल हाताशी असलेलं बरं.

काच मी काढली नाही. उजव्या बाजूला खाकी फाइलचा पुठ्ठा चिकटवला आहे, 10 रुपयांचा. त्याच्यावरच त्या काकांचा अर्ज मुदतीच्या आत 112 नंबरने पुन्हा भरला.