शटडाऊनला दहा मिनिटं, आणि माथी मारलेल्या एसएसडी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात संध्याकाळी शटडाऊन दिलं की डोमेनमधला, म्हणजे एका मुख्य सर्व्हरच्या ताब्यातल्या जाळ्यातला, प्रत्येक कॉम्प्युटर दहा मिनिटं अडकून बसायचा. लोक कंटाळून पॉवर बटण दाबून धरायचे. त्यात टॅलीचा डेटा बिघडला, तेव्हा एक हार्डवेअरवाला बोलावला. त्यानं एकही लॉग (कॉम्प्युटर स्वतः ठेवतो ती नोंदवही) न उघडता सांगितलं, "मालक, डिस्का म्हाताऱ्या झाल्यात. एसएसडी आन् रॅम टाकल्याबिगर काय खरं न्हाई."

सगळ्या मशिनांत एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) बसल्या, रॅम वाढली. पैसे रोख, पक्कं बिल नाही. दाखवताना केलेली चलाखी नीट समजून घ्या, कारण ती गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही ऑफिसात खपून जाईल. नवीन विंडोज टाकलेलं मशीन त्यानं डोमेनला जोडायच्या आधीच मालकांसमोर बंद करून दाखवलं. काही सेकंदांत बंद! पैसे हातात पडल्यावर मशिनं डोमेनला जोडली आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तीच दहा मिनिटं. विचारलं तर उत्तर तयार होतं: "आता सर्व्हरच बदलायला लागतोय."

खरं कारण त्या दहा मिनिटांतच होतं. ग्रुप पॉलिसी म्हणजे डोमेनमधल्या सगळ्या मशिनांना सर्व्हरवरून लावलेले नियम. त्यातून लावलेल्या शटडाऊन स्क्रिप्टची, म्हणजे बंद होताना आपोआप चालणाऱ्या कमांडची, विंडोज मुळात ६०० सेकंदांपर्यंत वाट बघतं. डिस्क रखडत असेल तर वेळ रोज कमी-जास्त होतो. सगळ्या मशिनांवर रोज दहाच मिनिटं लागत नाहीत. इथली स्क्रिप्ट रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करायच्या कमांडनं फायली एका जुन्या सर्व्हरवर पाठवत होती आणि तो सर्व्हर केव्हाच काढून टाकलेला. रोबोकॉपीला किती वेळा प्रयत्न करायचा आणि मध्ये किती थांबायचं हे सांगितलं नाही, तर तो ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करतो, असं १० लाख वेळा. म्हणजे ६०० सेकंदांची मर्यादा संपेपर्यंत सुटका नाही. यात डिस्कचा न् रॅमचा संबंध येतोच कुठं? वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर तिथला सगळ्यात जुना, पण डोमेनबाहेरचा, आणि तो झटकन बंद व्हायचा. तेवढं बघितलं असतं तरी पैसे वाचले असते.

कुणालाही पैसे देण्याआधी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल असा लॉग उघडा. इव्हेंट २०० मध्ये शटडाऊनचा वेळ मिलिसेकंदांत असतो, २०३ मध्ये अडवणाऱ्या सर्व्हिसचं नाव. मग ग्रुप पॉलिसीत कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनच्या सिस्टम विभागातली सविस्तर स्टेटस मेसेज दाखवायची सेटिंग चालू करा. गाडी कुठं अडली ते स्क्रीनवरच दिसतं. 'ग्रुप पॉलिसी क्लायंट'वर थांबत असेल तर ॲडमिन म्हणून जीपीरिझल्ट या, लागू झालेल्या पॉलिसी दाखवणाऱ्या, कमांडचा एचटीएमएल रिपोर्ट काढा आणि त्यात शटडाऊन स्क्रिप्ट शोधा. सगळ्यात खात्रीची चाचणी म्हणजे एक मशीन पॉलिसी न लागणाऱ्या वेगळ्या ओयूमध्ये (डोमेनमधल्या मशिनांच्या गटात) हलवणं. रीस्टार्ट करून मग शटडाऊन द्या. लगेच बंद झालं तर हार्डवेअर निर्दोष आहे.

उपाय फुकटचा आहे. मेलेला सर्व्हर स्क्रिप्टमधून काढा, रोबोकॉपीला प्रयत्न १ आणि थांबा ५ सेकंद द्या, स्क्रिप्टची मर्यादा ६० सेकंदांवर आणा. तिथं शून्य मात्र टाकू नका. शून्य म्हणजे संपेपर्यंत कितीही वेळ वाट बघ.

एका बाबतीत एसएसडीचा खरंच फायदा होतो, तेही सांगायला हवं. बंद होताना पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) पुसायची पॉलिसी चालू असेल तर ८ जीबीची फाइल सेकंदाला १०० एमबी लिहिणाऱ्या हार्ड डिस्कवर पुसायला जवळपास ८० सेकंद लागतात. पण तिथंही आधी ती पॉलिसी हवी आहे का ते विचारा.

या प्रकरणातली दुसरी फसवणूक नंतर उघड झाली. डिस्कची माहिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्राममध्ये 'नव्या' एसएसडींचे पॉवर-ऑन तास, म्हणजे आजवर चालू राहिलेले तास, हजारोंत निघाले. वापरलेला माल. नवा कोरा ड्राइव्ह दोन आकड्यांच्या वर नसतो. डिलिव्हरीच्या वेळीच समोर बसून बघा, सीरियल नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्या. आणि काढलेल्या जुन्या हार्ड डिस्क कुणालाही 'एक्स्चेंज'मध्ये देऊ नका. इथं त्या सगळ्या तोच घेऊन गेला आणि त्यांवर पगारपत्रकं, ग्राहकांचे दर, टॅलीचे बॅकअप, सगळं जसंच्या तसं होतं.