अथेन्सचं युद्ध आधी वाचावं की हॅनिबलचं?

प्राचीन ग्रीस-रोमबद्दल वाचायचं मनात आलं की पहिली अडचण सुरुवातीचीच. पसारा प्रचंड, नावं परकी, आणि कुणाला विचारावं तर तो राजे-सम्राटांची यादी पुढे करतो. माझा सल्ला असा, की पसारा बाजूला ठेवा आणि एकच युद्ध निवडून ते नीट वाचा. त्या जगात नागरिक कोण, गुलाम कोण, मत कुणी द्यायचं, कर कुणी भरायचा हे सगळं लढाईत कोण कुठे उभा राहतो याच्याशी जोडलेलं होतं. युद्ध हाती धरलं की मागोमाग समाज येतो.

निवडीला माझ्या मते दोनच युद्धं आहेत. एक अथेन्स आणि स्पार्टा यांचं, इ.स.पू. ४३१ ते ४०४, म्हणजे पेलोपोनेशियन युद्ध. दुसरं रोम आणि उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज यांचं, इ.स.पू. २१८ ते २०१, म्हणजे कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचं, ज्याला दुसरं प्युनिक युद्ध म्हणतात. दोन्ही लांबलेली, दोन्हींत भूमध्य समुद्राभोवतालचा बराच मुलूख ओढला गेलेला. पण ती दोन अगदी वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. शहाणी, बोलकी, स्वतंत्र माणसं एकत्र बसून आपल्याच विनाशाचा निर्णय कसा घेतात, हे अथेन्स दाखवतं. एकामागून एक लढाई हरणारं राज्य तरीही मोडत कसं नाही, हे रोम दाखवतं. तुम्हाला यातला कुठला प्रश्न जास्त छळतो, त्यावर निवड ठरवा.

फरक एका झटक्यात कळावा म्हणून दोन प्रसंग शेजारी ठेवतो.

इ.स.पू. ४०६. आर्गिनुसी बेटांजवळ अथेन्सच्या आरमारानं स्पार्टाच्या आरमाराला धूळ चारली. लढाईनंतर वादळ उठलं आणि फुटलेल्या गलबतांवर अडकलेले अथेन्सचे खलाशी वाचवता आले नाहीत. अथेन्समध्ये संताप उसळला. जनसभेनं विजयी सेनापतींवर एकत्रित खटला चालवला, प्रत्येकाचा वेगळा विचार न करता एकाच मतदानात दोषी ठरवलं, आणि जे सहा जण परत आले होते त्या सहांनाही ठार केलं. त्यांत अथेन्सचा थोर नेता पेरिक्लीस याचा मुलगाही होता. त्या दिवशी सभा चालवणाऱ्या मंडळात सॉक्रेटिस होता. हे बेकायदा आहे म्हणून त्यानं विरोध केला, तो कुणी ऐकला नाही. पुढे लोकांना पश्चात्ताप झाला. पण अनुभवी सेनापती गेलेच होते, आणि दुसऱ्याच वर्षी, ४०५ मध्ये, ईगॉसपोटामीला स्पार्टाच्या लायसँडरनं अथेन्सचं उरलेलं आरमार किनाऱ्यावर बेसावध गाठलं.

आता इ.स.पू. २१६, २ ऑगस्ट, दक्षिण इटलीतलं कॅनीचं मैदान. हॅनिबलनं आपली मधली फळी मुद्दाम मागे हटू दिली, दोन्ही बाजूंनी आफ्रिकन पायदळ वळवलं, मागून घोडदळ घातलं आणि आपल्यापेक्षा मोठी रोमन फौज एका दिवसात कापून काढली. रोमन इतिहासकार लिव्हीच्या आकड्यानुसार सुमारे ४८,००० मेले. दुसरा इतिहासकार पॉलिबियस तर ७०,००० म्हणतो. दोन कॉन्सलांपैकी (म्हणजे रोमच्या दरवर्षी निवडलेल्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी) पाउलस पडला, व्हारो पळून वाचला. हाच व्हारो रोमला परतला तेव्हा लोक वेशीपर्यंत सामोरे गेले आणि ‘राज्याबद्दल आशा सोडली नाही’ म्हणून त्याचे आभार मानले गेले. असा पराभव एखाद्या कार्थेजच्या सेनापतीनं करून घेतला असता तर त्याची काय गत झाली असती, असा टोमणा लिव्ही इथे मारतो.

जिंकणाऱ्यांना मारणारं शहर आणि हरणाऱ्याचे आभार मानणारं शहर. यातून लोकशाही वाईट आणि रोमची उमरावशाही चांगली असा निष्कर्ष काढायची घाई मात्र करू नका. कॅनीनंतर याच रोमनं भीतीपोटी गुरांच्या बाजारात दोन गॉल आणि दोन ग्रीक माणसं जिवंत पुरली होती. हॅनिबलकडचे आपले कैदी खंडणी देऊन सोडवायला नकार दिला होता, आणि त्याच वेळी सरकारी पैशानं ८,००० गुलाम विकत घेऊन त्यांच्या हाती शस्त्रं दिली होती. हे धैर्य होतं, आणि ते निर्दय होतं.

सांगणारे कोण?

निवडीत सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मला हा वाटतो.

अथेन्सच्या युद्धाचा इतिहासकार थ्युसिडिडीस हा त्या युद्धातला माणूस. अथेन्समधल्या रोगाच्या साथीत स्वतः आजारी पडून वाचला. सेनापती म्हणून ४२४ मध्ये ॲम्फिपोलिस शहर वाचवायला वेळेत पोचला नाही, म्हणून वीस वर्षं हद्दपार झाला. त्यामुळे त्याला दोन्ही बाजूंची माणसं भेटली. त्याच्या इतिहासातली भाषणं शब्दशः नाहीत हे तो स्वतःच सुरुवातीला सांगून टाकतो: प्रसंगाला साजेल असं, पण प्रत्यक्ष बोलण्याच्या आशयाला धरून लिहिलं आहे. लिखाण ४११ सालाच्या हकिकतीत अर्ध्यावर तुटतं, पुढचं झेनोफोनकडून घ्यावं लागतं, आणि झेनोफोन त्या तोलाचा नाही. आर्गिनुसीचा खटला त्याच्याचकडे आहे, तेवढ्यासाठी त्याला माफ.

हॅनिबलच्या युद्धाला असा एक साक्षीदार नाही. पॉलिबियस हा ग्रीक, इ.स.पू. १६७ मध्ये ओलीस म्हणून रोमला आणलेला. त्यानं म्हाताऱ्या साक्षीदारांना विचारलं, आल्प्सची वाट स्वतः तुडवली, आणि हॅनिबलनं इटलीच्या दक्षिण टोकाजवळ कोरून ठेवलेल्या कांस्यपटावरचे सैन्याचे आकडे वाचले. त्याची विश्वासार्हता मोठी आहे. पण त्याचा आश्रयदाता सिपिओ एमिलियानस हा कॅनीत पडलेल्या पाउलसचा रक्तानं नातू आणि हॅनिबलला हरवणाऱ्या सिपिओचा दत्तक नातू. त्यामुळे कॅनीचं सगळं खापर व्हारोच्या माथी आणि पाउलस मात्र शहाणा, हे चित्र वाचताना एक भुवई वर ठेवावी. शिवाय पॉलिबियसच्या ४० खंडांपैकी पहिले पाचच पूर्ण उरले आहेत आणि कॅनीनंतरच्या घटनांचे तुकडेच मिळतात. मग लिव्हीवर यावं लागतं. तो दोनशे वर्षांनी लिहिणारा, पक्का रोमाभिमानी, वाचायला मात्र दोघांपेक्षा रसाळ.

आणि कार्थेज? त्याचा आवाजच नाही. हॅनिबलबरोबर सोसिलस आणि सिलेनस हे ग्रीक लेखक होते, त्यांचं लिखाण हरवलं. इ.स.पू. १४६ मध्ये रोमनं शहर जमीनदोस्त केलं. कार्थेजच्या मागोचा शेतीवरचा ग्रंथ तेवढा सेनेटच्या हुकमानं लॅटिनमध्ये आणला गेला, आज तोही उरलेला नाही. म्हणजे हे युद्ध वाचताना अर्ध्या रंगमंचावर अंधार असतो, आणि हॅनिबलच्या मनात काय होतं हे त्याचे शत्रूच सांगतात. काहींना हे गूढ आवडतं. मला त्रास होतो.

लढणारी माणसं

अथेन्सची ताकद समुद्रावर होती. एका ट्रायरीम गलबतावर साधारण २०० माणसं, त्यातली १७० वल्ही मारणारी. इथे गलबतावरचे गुलाम डोळ्यांसमोर आणू नका. वल्हेकऱ्यांत गरीब नागरिकांचा मोठा वाटा होता, जोडीला परके रहिवासी आणि पगारी खलाशी. अथेन्सनं सिसिली बेटावर काढलेल्या मोहिमेत त्यांना दिवसाला एक द्राख्मा, म्हणजे एक चांदीचं नाणं, मिळत होता. ज्याच्या खांद्यावर आरमार चालतं त्याला जनसभेत हात वर करायचा हक्क, हा त्या लोकशाहीचा खरा पाया. पैसा येत होता मांडलिक ‘मित्र’ शहरांच्या खंडणीतून आणि लॉरियनच्या चांदीच्या खाणींतून. खाणींत राबत होते गुलाम. ४१३ मध्ये स्पार्टानं डेकेलिया इथे कायमचा तळ ठोकला तेव्हा वीस हजारांहून जास्त गुलाम अथेन्समधून पळाले, त्यांतले बरेच कारागीर. हे थ्युसिडिडीस जाता जाता सांगतो. मला ती त्याची सर्वांत बोलकी नोंद वाटते.

स्पार्टाकडे पाहिलं तर अंगावर काटा येतो. युद्धात पराक्रम गाजवलेल्या हेलट शेतगुलामांनी पुढे यावं, त्यांना स्वातंत्र्य मिळेल, अशी दवंडी पिटली गेली. सुमारे २,००० निवडले गेले, डोक्यावर फुलांच्या माळा घालून देवळांना प्रदक्षिणा घालून आले, आणि नंतर ते कुठे गेले कुणालाच कळलं नाही. जो हेलट आधी पुढे येईल तोच उद्या बंड करील, असा स्पार्टाचा हिशेब.

रोम-कार्थेजकडे हा विरोध आणखी ठळक आहे. कार्थेजच्या फौजेत लिबियन, इबेरियन, गॉल, बॅलिआरिक गोफणवाले आणि लगामाशिवाय घोडा फेकणारे नुमिडियन. भाषा वेगळ्या, देव वेगळे, तरी परमुलखात पंधरा वर्षं हॅनिबलविरुद्ध त्यांनी बंड केलं नाही. सेनापती म्हणून त्याची थोरवी मी कॅनीपेक्षा इथे मानतो. रोमकडे होतं मनुष्यबळ. पॉलिबियस इ.स.पू. २२५ चा हिशेब देतो: रोम आणि मित्रपक्ष मिळून शस्त्र उचलू शकणारे सात लाखांवर पायदळ आणि ७० हजार घोडदळ. हॅनिबल इटलीत उतरला तेव्हा त्याच्याजवळ होतं २० हजार पायदळ आणि ६ हजार घोडदळ. त्यामुळे त्याची सगळी भिस्त रोमचे मित्र फोडण्यावर होती. मित्रशहरांचे कैदी तो खंडणी न घेता सोडत होता. काप्वा हे मोठं शहर फुटलं, दक्षिणेतला बराच मुलूख फुटला, पण मध्य इटली आणि रोमनं इटलीत वसवलेल्या लॅटिन वसाहती टिकल्या. अगदी बिनतक्रार नव्हे: २०९ मध्ये तीसपैकी बारा वसाहतींनी आता माणसं नाहीत, पैसा नाही, असं तोंडावर सांगितलं. इथे रोम खरोखर दमलेलं दिसतं.

हत्तींमुळे कुणी हे युद्ध निवडत असेल तर आधीच सांगतो, ३७ हत्तींपैकी पहिल्या हिवाळ्यानंतर एकच उरला होता.

मराठी वाचकाला मात्र हॅनिबलच्या युद्धातला रोमन सेनापती फेबियस पटकन उमगेल. समोरासमोर लढायचं नाही, डोंगर सोडायचे नाहीत, शत्रूची रसद तोडायची आणि वाट पाहायची. आपल्याकडे गनिमी काव्याचा अभिमान बाळगतात. रोमनांना त्याची लाज वाटली, ‘हॅनिबलच्या मागे मागे फिरणारा’ म्हणून त्यांनी त्याची टर उडवली. त्याची किंमत त्यांना कॅनीनंतर कळली.

बायका, नाटकं, घर

या बाबतीत दोन्हीकडे थोडंच हाती लागतं. पेरिक्लीस मृतांच्या विधवांना सांगतो, की पुरुषांत तुमची चर्चा कमीत कमी व्हावी यातच तुमची कीर्ती. थ्युसिडिडीसही तेच धोरण पाळतो, पण अथेन्सचं मित्रशहर प्लाटिया याच्या वेढ्यात शिबंदीसाठी भाकऱ्या भाजायला ११० बायका मागे राहिल्या, एवढं नोंदवून ठेवतो. रोममध्ये २१५ साली कायदा झाला: बाईजवळ अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोनं नको, रंगीत वस्त्र नको, शहरात गाडीतून फिरणं नको. युद्ध संपलं तरी कायदा उठेना, तेव्हा १९५ मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या आणि कॉन्सल केटोचा विरोध मोडून तो रद्द झाला. लिव्हीनं रंगवलेला हा वाद सोडू नये. नाटकांत मात्र अथेन्स कितीतरी पुढे: युद्ध चालू असताना विनोदी नाटककार अॅरिस्टोफेनिस भर रंगमंचावर सत्ताधारी क्लीऑनची खिल्ली उडवत होता आणि शहर ते पाहायला बसत होतं.

मग घ्यायचं काय?

मोहिमा, नकाशे, डावपेच आवडत असतील, किंवा प्राचीन इतिहास पहिल्यांदाच हाती घेत असाल, तर हॅनिबल. गोष्ट सरळ चालते आणि मुख्य पात्रं लक्षात राहतात. पॉलिबियसचा तिसरा खंड स्पेनमधल्या सॅगुंटमच्या वेढ्यापासून कॅनीपर्यंत सलग जातो, तो वाचा. पुढे लिव्हीकडून २०७ ची मेटॉरसची लढाई घ्या. हॅनिबलचा भाऊ हॅस्ड्रुबल तिथे पडला आणि त्याचं मुंडकं हॅनिबलच्या छावणीपुढे फेकलं गेलं. शेवटी २०२ ची झामाची लढाई, जिथे हॅनिबल हरला. तहाची कलमंही वाचा: पन्नास वर्षांत १०,००० टॅलेंट (एक टॅलेंट म्हणजे सुमारे २६ किलो) चांदी, आरमारात फक्त दहा गलबतं, आणि रोमच्या परवानगीशिवाय युद्ध नाही.

एकच वाचणार असाल तर अथेन्स. राजकारण, भाषणं, जमावाचं मन यांत रस असेल तर प्रश्नच नाही. वाचायला ते जड आहे. थ्युसिडिडीसचा पहिला खंड तर नवख्याला दमवून टाकतो, म्हणून पहिल्या पानापासून सुरुवात करायचा हट्ट धरू नका. दुसऱ्या खंडातली ४३० ची साथ वाचा, मग तिसऱ्यातला मिटिलीनचा वाद. अथेन्सविरुद्ध बंड केलेल्या त्या शहरातले सगळे पुरुष मारा आणि बायका-मुलं विका, असं जनसभेनं एका दिवशी ठरवलं आणि हुकूम घेऊन गलबत सुटलं. दुसऱ्या दिवशी लोकांचं मन पालटलं. क्लीऑन म्हणाला, ठरलं ते ठरलं. डायोडोटसनं दयेचा शब्द टाळला, मारण्यात आपलाच तोटा आहे एवढंच पटवलं, आणि थोडक्या मतांनी जिंकला. दुसरं गलबत निघालं. वल्हेकरी वल्ही न सोडता वाइन आणि तेलात कालवलेलं जवाचं पीठ खात होते, आळीपाळीनं झोपत होते. पहिलं गलबत अशा कामाला निघालेलं, त्याला घाई नव्हती. सेनापती हुकूम वाचून अंमल करणार तेवढ्यात दुसरं बंदरात शिरलं.

हे आवडलं तर सहावा आणि सातवा खंड सलग घ्या, सिसिलीच्या स्वारीचे. आवडलं नाही तर निमूटपणे हॅनिबलकडे वळा. या लेखकांची जुनी इंग्रजी भाषांतरं हक्कमुक्त झाल्यानं नेटवर फुकट मिळतात, तेव्हा दोन्ही चाखून पाहायला खर्च नाही. छापील प्रत घेणार असाल तर नकाशे असलेलीच घ्या.