लघुपटांसाठी घेतलेला सिनेमा कॅमेरा: बरेच महिने वापरल्यानंतर

कॅमेरा निवडताना रिझोल्यूशनचा रकाना मी सगळ्यात शेवटी पाहिला आणि आजही तेच करेन. माझ्याकडे आहे तो सुपर ३५ (सिनेमाच्या फिल्मच्या फ्रेमएवढ्या) सेन्सरचा, फोर-केचा, १० बिट लॉग (उजेड-सावलीचा तपशील जपणारं फिकं चित्र) आणि रॉ (सेन्सरचा जवळपास कच्चा डेटा) देणारा छोटा सिनेमा कॅमेरा. एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणाऱ्या गडद काचा) बॉडीतच आहेत. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. अशा ठेवणीचे कॅमेरे बऱ्याच कंपन्या काढतात, आणि खाली लिहिलंय ते त्यातल्या कुठल्याही कॅमेऱ्याला लागू पडेल.

‘फिल्मसारखं’ चित्र म्हणजे काय, याचं उत्तर दर काही वर्षांनी बदलत आलंय. २००२ साली पॅनासॉनिकचा डीव्हीएक्स१०० आला, तेव्हा मिनी डीव्ही टेपवर सेकंदाला २४ फ्रेम मिळणं हीच चैन होती. २००८ मध्ये कॅननच्या ५डी मार्क २ने मोठा सेन्सर हातात दिला (२४ फ्रेम त्यात आल्या २०१०च्या फर्मवेअरने), आणि मग जो तो पार्श्वभूमी धूसर करत सुटला. आज या दोन्ही गोष्टी फोनमध्येही मिळतात, तरी फोनचं फुटेज चटकन ओळखू येतं. कुठे? खिडकीपाशी. फिल्मच्या निगेटिव्हवर जास्त प्रकाश पडला तरी उजळ भाग हळूहळू पांढऱ्याकडे सरकतो. सेन्सरचा पिक्सेल एकदा भरला की त्यापुढचं काहीच नोंदवलं जात नाही. त्यातही लाल, हिरवा आणि निळा चॅनल एकाच वेळी भरत नाहीत, म्हणून कपाळावरच्या चकाकीच्या कडेला त्वचा पिवळट दिसू लागते. तिथे चित्र ‘व्हिडिओ’ वाटतं, मग रिझोल्यूशन कितीही असो.

या कॅमेऱ्यात मला सगळ्यात आवडलं ते हेच, हायलाइट, म्हणजे उजळ भाग, सांभाळणं. पण ते आपोआप होत नाही. रॉमध्ये एकाच बेसच्या (सेन्सरच्या मूळ संवेदनशीलतेच्या) आत आयएसओचा (प्रकाश-संवेदनशीलतेचा) आकडा वाढवला तरी सेन्सरकडून येणारा सिग्नल तोच राहतो. बदलते ती वाटणी: मधल्या करड्याच्या (मधल्या उजळपणाच्या) वर जास्त स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) उरतात, सावलीत कमी. म्हणून भर उन्हात मी आयएसओ ४०० ऐवजी ८०० ठेवतो. ऐकायला उलटं वाटतं, पण ढगांच्या कडा वाचतात. अंधाऱ्या खोलीत नेमकं याच्या उलट करतो. एक्स्पोजरसाठी स्क्रीनवरच्या लॉगच्या फिक्या चित्रावर भरवसा नाही. फॉल्स कलर (उजळपणाच्या पातळ्या वेगवेगळ्या रंगांत दाखवणारी सोय) लावून आधी चेहरा बसवतो, मग खिडकीकडे बघतो.

आता एनडी. खरेदीच्या वेळी याच्याबद्दल कोणी विचारत नाही आणि शूटवर सगळ्यात जास्त गरज याचीच पडते. २४ फ्रेम, १८० अंश शटर (फ्रेमच्या निम्मा वेळ उघडं), म्हणजे १/४८ सेकंद. उन्हात आयएसओ ८०० ठेवून एफ/४ वर (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, जितका लहान तितकं छिद्र मोठं) शूट करायचं तर साधारण आठ स्टॉप प्रकाश कापावा लागतो. बॉडीत दोन, चार आणि सहा स्टॉपचे फिल्टर आहेत. सहाचा लावून एफ/८ वर बेतशीर बसतं, एफ/४ हवा असेल तर पुढे आणखी दोन स्टॉपचा फिल्टर चढवतो. एनडी नसेल तर लोक शटर १/५०० वर नेतात, चालणाऱ्या माणसाचे पाय तुटक दिसतात आणि सगळी ‘सिनेमॅटिक’ मेहनत पाण्यात जाते. व्हेरिएबल एनडी सोयीचा खरा, पण तो म्हणजे दोन पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारे फिल्टर). वाइड लेन्सवर आकाशात गडद फुली उमटते, आणि त्वचेवरची चमक फिल्टर फिरवू तशी बदलते. स्वस्त, गडद, फिक्स्ड एनडीची तऱ्हा वेगळी. तो दिसणारा प्रकाश कापतो, इन्फ्रारेड मात्र आत सोडतो, आणि काळा सिंथेटिक कोट पडद्यावर चॉकलेटी होतो. ग्रेडिंगमध्ये (शूटनंतर रंग जुळवताना) ते निस्तरताना चेहऱ्याचाही रंग जातो.

शटरचं आणखी एक. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून ट्यूबलाइटखाली शटर १७२.८ अंश ठेवावं, म्हणजे नेमके १/५० सेकंद. ६० हर्ट्झला १४४ अंश. कॅमेऱ्यात शटर अंशांत लावता येतं का, हे घेण्याआधी बघाच.

फुल फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरचा) घेतला नाही म्हणून मला बऱ्याच जणांनी वेड्यात काढलं. सिनेमा पिढ्यान्‌पिढ्या जेमतेम २५ मिलिमीटर रुंदीच्या फ्रेमवर शूट झालाय, ३६ वर नव्हे. एफ/१.४ वर एक डोळा शार्प आणि कान गायब, असं चित्र मला तरी जाहिरातीसारखं वाटतं. शिवाय एकटा फोकस पुलर (शॉट चालू असताना फोकस सांभाळणारा) असलेल्या छोट्या क्रूला सुपर ३५ वर एफ/४ सुखाचा जातो.

डेटा डोळे उघडतो. अल्ट्रा एचडी, २४ फ्रेम, प्रोरेझ ४२२ एचक्यू या रेकॉर्डिंग फॉरमॅटला तासाला सुमारे ३१८ जीबी लागतात, साध्या ४२२ला २१२. दोन बॅकअप धरून हिशोब करा. संवादाचे सीन मी साध्या ४२२ वरच करतो आणि आजवर कुणाला फरक दिसलेला नाही. ८ बिट लॉगच्या वाटेला मात्र जाऊ नका. उजळपणाच्या २५६ पायऱ्यांत संध्याकाळचं आकाश पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं, १० बिटला १०२४ मिळतात.

कुरबुरी आहेतच. बॅटरी खादाड आहे. उन्हात स्क्रीन दिसत नाही. शांत खोलीत कॅमेऱ्याच्या पंख्याची घरघर बूमला (दांड्यावरच्या माइकला) ऐकू येते. झपकन पॅन केलं (कॅमेरा आडवा फिरवला) की दाराच्या चौकटी तिरक्या होतात, पण इतक्या वेगाने पॅन केलं तर २४ फ्रेमला चित्र तसंही थरथरतं. आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर लागतोच, कॅमेऱ्यात रेकॉर्ड झालेला आवाज फक्त सिंकपुरता (चित्राशी जुळवण्यापुरता).

घ्यायचा विचार असेल तर एक दिवस भाड्याने आणा. खिडकीला पाठ करून बसलेला माणूस, उन्हात काळा कोट आणि ट्यूबलाइटची खोली, इतकं शूट करून ग्रेड करून बघा. एकट्याने माहितीपट करत असाल तर मात्र हा घेऊ नका. याचा ऑटोफोकस नावापुरता आहे, तुम्हाला चेहऱ्यामागे धावणारा हायब्रिडच (फोटो आणि व्हिडिओ दोन्हींचा कॅमेरा) बरा.