“ताई, ऑफिसला जाऊ नका, फाईल अडकेल”

पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, काढून देतो म्हणून ज्याने मला फसवलं, त्या माणसाचा नंबर मी स्वतः कारखान्यात आमच्या लाइनवर काम करणाऱ्या तिघींना दिला होता. म्हणून हे लिहायला बसले. माझे पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण माझ्या शब्दावर विसंबून एकीने मुलीच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्याला पाठवले, ते मला आजही झोपू देत नाही.

भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी ठेकेदाराकडून कामाला होते, तपासणीच्या टेबलावर. २०१६ च्या जुलैपासून. पगार शेवटी १६,००० पर्यंत गेला होता. २०२३ च्या जानेवारीत ऑर्डर कमी झाल्या आणि एका शनिवारी गेटवरच सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. आमच्याकडे याला ‘ब्रेक दिला’ म्हणतात. हातात पंधरा दिवसांचा पगार आणि पीएफ तुमचा तुम्ही काढून घ्या असा सल्ला. बस्स.

तेव्हाच्या नियमाने नोकरी सुटून एक महिना झाला की पीएफमधले ७५ टक्के काढता येत होते आणि दोन महिन्यांनी सगळे. मी मार्चमध्ये सायबर कॅफेत जाऊन क्लेम टाकला. फॉर्म १९ पीएफसाठी आणि १० सी पेन्शनच्या रकमेसाठी. बारा दिवसांनी रिजेक्ट. कारण : पासबुकचा फोटो अस्पष्ट. पुन्हा टाकला. पुन्हा रिजेक्ट. या वेळी कारण निराळं, पासबुकवरचं नाव आणि पीएफमधलं नाव वेगळं.

बायकांनो, हे नीट वाचा, कारण हे आपल्या निम्म्या जणींचं होतं. मी कामाला लागले तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. पीएफमध्ये मधलं नाव वडिलांचं आणि आडनाव माहेरचं. २०१८ मध्ये लग्न झालं, मग आधार बदललं, बँकेत नाव बदललं. पीएफमध्ये बदलायला हवं हे ना ठेकेदाराने सांगितलं, ना मला सुचलं. पाच वर्षं दर महिन्याला पैसे कापले जात होते ते एका नावावर आणि मी जगत होते दुसऱ्या नावाने.

दोनदा क्लेम परत आल्यावर माणूस घायकुतीला येतो. घरभाडं थकलेलं, यजमानांच्या टेम्पोचा हप्ता डोक्यावर. रात्री मोबाइलवर ‘पीएफ क्लेम रिजेक्ट मदत’ असं शोधलं आणि वरच एक नंबर दिसला. सरकारी शिक्क्यासारखं चित्र, खाली ‘ग्राहक सेवा’. लावला. पलीकडचा माणूस मराठीच बोलत होता, शांत, अदबीने. “ताई, घाबरू नका. तुमचा यूएएन नंबर आणि पासवर्ड सांगा, मी इथूनच बघतो.” यूएएन म्हणजे पीएफ सदस्याचा कायमचा नंबर. मी दोन्ही सांगितले.

दोन मिनिटांत त्याने मला माझी सगळी कुंडली वाचून दाखवली. ठेकेदाराचं नाव, लागल्याची तारीख, शिल्लक १,१८,००० च्या आसपास, क्लेम कोणत्या तारखेला कशामुळे परत आला, सगळं अचूक. मला वाटलं, हा कार्यालयातलाच असल्याशिवाय एवढं कसं सांगेल? आता कळतं की ज्याच्या हातात यूएएन आणि पासवर्ड होता त्याला तेव्हा हे सगळं दिसत होतं. माझ्याच घराची किल्ली घेऊन त्याने मला माझ्याच कपाटात काय आहे ते सांगितलं आणि मी त्यालाच जाणकार समजले.

मी म्हणाले, मग उद्या ऑफिसला येऊन भेटते. तेव्हा तो म्हणाला, “ताई, ऑफिसला जाऊ नका, फाईल अडकेल. तिथे एकदा हरकत लागली की सहा महिने निघत नाही.” हे वाक्य तो पुढे दर दोन दिवसांनी बोलत राहिला. आपण एकदा जरी काउंटरवर गेलो असतो तरी त्याचा खेळ संपला असता, म्हणून त्याला आपल्याला तिथून लांब ठेवायचं होतं. एवढी एक गोष्ट मला तेव्हा कळली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

नाव दुरुस्तीचे १,५०० घेतले. मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला, मी दिला. मग म्हणाला, तुमचे ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे पैसे कापले जायचे ना? मग तुम्हाला बेकारी भत्ताही मिळतो, महिना ८,००० प्रमाणे दोन वर्षं. त्याचा अर्ज भरायचे २,५००. मला असा काही भत्ता असतो हेच ठाऊक नव्हतं. म्हणून तर हा माणूस देवासारखा वाटला आणि मी त्याचा नंबर लाइनवरच्या तिघींना पाठवला.

तो पूर्ण खोटं बोलत नव्हता, आणि म्हणूनच त्याचं बोलणं पटत गेलं. ईएसआयची ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ खरोखर आहे, १ जुलै २०१८ पासून. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळायचे, करोनाच्या काळात ते ५० टक्के केले गेले आणि पुढे ती वाढ चालू राहिली. पण मिळतात ते जास्तीत जास्त ९० दिवसांचे आणि आयुष्यात एकदाच. किमान दोन वर्षं विमा असलेली नोकरी लागते, काम सुटण्याच्या लगेच आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी-कालावधीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते आणि त्याआधीच्या तीनपैकी एका कालावधीतही तेवढीच. गैरवर्तनामुळे काढलं असेल तर मिळत नाही. दोन वर्षांची जी गोष्ट त्याने सांगितली ती वेगळीच योजना, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, २००५ ची. ती कारखाना बंद पडला किंवा रीतसर कामगारकपात झाली अशांसाठी, निराळ्या अटींवर. त्याने दोन योजनांची मोट बांधली आणि त्यावर स्वतःचा आकडा चिकटवला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने व्हॉट्सॲपवर एक पत्र पाठवलं. वर तीन सिंहांची मुद्रा, खाली सही-शिक्का : आपला दावा मंजूर, टीडीएसपोटी, म्हणजे आधीच कापल्या जाणाऱ्या आयकरापोटी, ११,८०० रुपये आधी जमा करावेत, ते नंतर परत मिळतील. मी कानातले आणि अंगठी गहाण ठेवली. आलेल्या पैशांतून ११,८०० त्याला पाठवले, उरलेले ३१,४०० खात्यातच ठेवले.

टीडीएसबद्दल खरं काय ते मला नंतर काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं. पाच वर्षांपेक्षा कमी नोकरी आणि ५०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम असेल तरच पीएफवर टीडीएस लागतो, पॅन दिलेलं असेल तर १० टक्के. माझी साडेसहा वर्षं झाली होती, म्हणजे मला तो लागतच नव्हता. आणि लागला तरी तो मिळणाऱ्या रकमेतून कापतात. आपल्याच पैशांसाठी आधी पैसे भरा असं पीएफमध्ये कुठेही नाही.

त्यानंतर चार दिवसांनी रात्री त्याचा फोन आला. पैसे सोडतोय पण तुमच्या खात्यात शिरत नाहीत, एक ॲप टाका, त्यावर येणारा नऊ आकडी नंबर सांगा. ते समोरच्याला आपली स्क्रीन दाखवणारं ॲप होतं. डेबिट कार्डाचे आकडे त्याने आधीच ‘खाते पडताळणी’ म्हणून घेतले होते. आता येणारे ओटीपी त्याला माझ्याच फोनवर वाचता येत होते. नऊ वाजून गेले होते, २०,००० गेल्याचा मेसेज आला. मी ओरडले तेव्हा तो म्हणाला, ताई, हे उलटं दिसतं, सकाळी दुप्पट जमा होईल. आणि फोन ठेवला.

मला कळलं होतं. खरं सांगते, त्या क्षणी पूर्ण कळलं होतं. पण यजमान शेजारच्या खोलीत जेवत होते आणि सोनं गहाण ठेवल्याचं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. मी गप्प राहिले, दिवा मालवला आणि पडून राहिले. ॲप फोनमध्ये तसंच होतं. सकाळी पावणेसातला उरलेले ११,४०० गेले.

या एका रात्रीबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे : ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. मी रात्री सव्वानऊलाच बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन केला असता तर ते ११,४०० तरी माझ्याकडे राहिले असते. १९३० वर जितक्या लवकर कळवू तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. मी दुपारी तीनला केला. तोवर पैसे तीन खात्यांतून फिरले होते. फक्त ६,००० एका खात्यात रोखले गेले आणि ते न्यायालयाच्या आदेशानंतर कित्येक महिन्यांनी हातात आले. लाज वाटते म्हणून गप्प बसू नका. नवरा रागावेल, सासू बोलेल, बोलू दे. आधी फोन करा.

पीएफ कार्यालयात मला माझ्या जाऊबाई घेऊन गेल्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “अगं, तुझेच पैसे आहेत, आत जायला घाबरायचं काय?” काउंटरवरच्या बाईंनी माझं खातं उघडलं आणि विचारलं, हा बँक खाते क्रमांक तुमचा आहे का? नव्हता. त्या ओटीपीवर त्याने माझ्या पीएफला स्वतःचं खातं जोडण्याचा अर्ज टाकला होता. तेव्हा अशा बदलाला मालकाची डिजिटल सही लागायची, आणि आमचा ठेकेदार तीन आठवडे पोर्टल उघडतच नव्हता. ज्याच्या ढिलाईला मी रोज बोल लावत होते त्या ढिलाईने माझे १,१८,००० वाचले. तिथल्या तिथे पासवर्ड बदलला, ठेकेदाराला फोन करून तो अर्ज नाकारायला लावला. २०२५ च्या एप्रिलपासून ही मालकाची मंजुरी काढून टाकली आहे. काम सोपं झालं, पण ती एक कडीही गेली, म्हणून आता ओटीपी दुप्पट जपा.

नाव दुरुस्तीला काय लागलं? संयुक्त घोषणापत्र, म्हणजे जॉइंट डिक्लरेशन, त्यावर माझी आणि ठेकेदाराची सही-शिक्का, सोबत आधार, पॅन आणि विवाह नोंदणीचा दाखला. कार्यालयाने एक रुपयाही घेतला नाही. मला ठेकेदाराकडे तीन हेलपाटे घालावे लागले, तो त्रास झालाच. आता बऱ्याच दुरुस्त्या ऑनलाइन होतात. १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारवरून काढलेला यूएएन असेल तर नाव, जन्मतारीख यांसारखी माहिती बहुतेक वेळा सदस्याला स्वतःच बदलता येते. सोडल्याची तारीख मालकाने टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तीही आपली आपल्याला टाकता येते. क्लेम अडला तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते, तीही फुकट.

माझा क्लेम जूनमध्ये मंजूर झाला. ईएसआयच्या शाखा कार्यालयातही गेले. रोजची सरासरी कमाई त्यांनी काढली ५२० च्या आसपास, तिच्या निम्मे, ९० दिवसांचे, साधारण २३,००० खात्यात आले. त्या माणसाने सांगितलेल्या जवळपास दोन लाखांपुढे हे थोडे वाटतील. पण हे खरे होते आणि त्यांनी आमचं चार महिन्यांचं भाडं फिटलं.

नियम बदलला की हे लोक नव्याने जागे होतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने ७५ टक्के लगेच आणि पूर्ण रक्कम दोनऐवजी १२ महिन्यांनी असा निर्णय घेतला, आणि आमच्या गल्लीतल्या दोघांना ‘जुन्या नियमाने काढून देतो’ असे फोन आले. ‘प्रधानमंत्री बेरोजगारी भत्ता योजना’ नावाचा मेसेजही अधूनमधून फिरतो. अशी योजनाच नाही, केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचं जाहीर केलेलं आहे. विचारायचंच असेल तर पीएफसाठी १४४७० आणि ईएसआयसाठी १८०० ११ २५२६ हे नंबर आहेत.

फसल्याचं कळलं त्याच दिवशी मी लाइनवरच्या तिघींना फोन लावले. एकीने त्याला अजून फोन केलाच नव्हता. दुसरीचे १,५०० गेले होते. तिसरीने दोन दिवसांपूर्वी ९,००० पाठवले होते, मुलीच्या अकरावीच्या फीसाठी साठवलेले. ती फोनवर काहीच बोलली नाही. मे महिन्याच्या शेवटी मी तिला ‘निधी आपके निकट’ शिबिरात घेऊन गेले. साधारण दर महिन्याच्या २७ ला जिल्ह्याजिल्ह्यात ते भरतं आणि तिथे पीएफचे अधिकारी समोर बसून ऐकतात. तिच्या जन्मतारखेत घोळ होता, तो कसा सोडवायचा ते अर्ध्या तासात समजलं. परत येताना बसमध्ये ती खिडकीबाहेरच बघत होती.

ते ९,००० मी तिला थोडे थोडे करून दिले. ती नको म्हणायची, मी तिच्या टेबलावर ठेवून यायचे. शेवटचे हजार गेल्या दिवाळीत दिले. तेव्हा तिने चहा टाकला आणि पहिल्यांदा विचारलं, “तुझं सोनं सुटलं का गं?”